'शब्दातीत' म्हणण्यापूर्वी : आनंदवर्धनाचा एक प्रतिवाद

कवितेविषयी लिहिताना एका टप्प्यावर आपण थांबतो आणि 'हा अनुभव शब्दातीत आहे' असे लिहून मोकळे होतो. उत्तरपत्रिका, परीक्षणे, प्रस्तावना यांतून 'अवर्णनीय', 'अनिर्वचनीय' ही विशेषणे इतकी रुळली आहेत की, ती एका जुन्या वादातील एका पक्षाची भूमिका आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने या भूमिकेचा समाचार घेतला होता. त्याचे म्हणणे साहित्याच्या विद्यार्थ्याने आजही पुन्हा तपासून पाहावे असे आहे.

ही भूमिका आनंदवर्धनाच्याही आधीची आहे. इ. स. ७००च्या सुमारास दंडीने 'काव्यादर्शा'त कवींच्या शैलीभेदांविषयी लिहिताना एक दाखला दिला. ऊस, दूध, गूळ यांच्या गोडीत फार मोठे अंतर आहे. पण ते सांगणे सरस्वतीलाही शक्य नाही. भेद जाणवतो, पण सांगता येत नाही, अशी ही प्रांजळ कबुली आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आठव्या शतकाच्या अखेरचा काश्मिरी आलंकारिक उद्भट उभा आहे. रस ज्या साधनांनी प्रकट होतो, त्यांत त्याने 'स्वशब्द', म्हणजे त्या भावनेचे प्रत्यक्ष नावही धरले आहे. म्हणजे एकाच्या मते काही गोष्टी भाषेच्या हाती लागतच नाहीत आणि दुसऱ्याच्या मते भावनेचे नाव घेणे हेही तिच्या आविष्काराचे एक साधन आहे.

राजा अवंतिवर्मा (इ. स. ८५५–८८३) याच्या काळात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. ग्रंथाच्या पहिल्याच कारिकेत त्याने आपल्या तीन प्रतिपक्षांची नोंद केली आहे. ध्वनी म्हणून काही नाहीच, असे म्हणणारे पहिले. तो लक्षणेतच मोडतो, असे म्हणणारे दुसरे. तो आहे, पण त्याचे तत्त्व वाणीचा विषय होऊ शकत नाही, असे म्हणणारे तिसरे. हे तिसरे म्हणजे आपलेच पूर्वज. या पक्षाला तत्त्व नाकारायचे नसते, त्याला फक्त त्याचे लक्षण करता येत नाही. म्हणून पुढे इ. स. १०००च्या सुमारास 'लोचन' टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने तिघांत त्याला त्यातल्या त्यात बरे मानले.

आनंदवर्धनाने प्रथम उद्भटाचा मार्ग बंद केला. 'शृंगार' हा शब्द उच्चारल्याने शृंगाराची प्रतीती येत नाही. विभाव, अनुभाव नसतील तर नुसते नाव कोरडे राहते. उलट ते असतील तर नावाची गरज उरत नाही. रस स्वप्नातही आपल्या नावाने वाच्य होत नाही, असे अभिनवगुप्त म्हणतो. पुढे मम्मटाने तर भावनेचे असे नाव घेणे रसदोषांतच जमा केले.

मग आनंदवर्धन तिसऱ्या पक्षाला जाऊन मिळाला काय? नाही. 'कुमारसंभवा'तील एक प्रसंग त्याने उदाहरणादाखल घेतला आहे. अंगिरस ऋषी हिमालयापाशी पार्वतीच्या विवाहाची गोष्ट काढतात, आणि पित्याच्या शेजारी बसलेली पार्वती मान खाली घालून हातातल्या लीलाकमळाच्या पाकळ्या मोजू लागते. लज्जेचे नाव कोठेही नाही. पाकळ्या मोजण्याची क्रिया स्वतःकडे गौणपणा घेते आणि दुसरा अर्थ पुढे करते. जे नावाने सांगता येत नाही ते येथे शब्दांनीच पोहोचवले आहे.

येथे त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. भावनेला वाच्यार्थाने हात घालता येत नाही ही एक. ती भाषेच्या बाहेर आहे ही दुसरी. पहिली त्याला मान्य आहे, दुसरी नाही. तिसऱ्या उद्योताच्या अखेरीस तो या पक्षाचा समाचार घेतो. रत्नाचे अस्सलपण जसे केवळ पारख्यालाच कळते, तसे काव्याचे सौंदर्यही जाणत्यालाच कळते व ते सांगता येत नाही, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. पारखी हवा हे आनंदवर्धनाला कबूल आहे. 'सहृदय' ही त्याचीच आवडती संज्ञा. पण सांगता येत नाही हे विवेचनाच्या आळसाचे लक्षण आहे, असा त्याचा रोख आहे. कोणतीही वस्तू सर्व शब्दांच्या पलीकडे असू शकत नाही. कारण निदान 'अनाख्येय' या शब्दाने तरी तिचा निर्देश होतोच.

'ध्वन्यालोक' मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८९१ मध्ये काव्यमालेत छापला आणि पुढे म. म. पां. वा. काणे, ग. त्र्यं. देशपांडे यांच्या लेखनातून हा विचार मराठी अभ्यासकांपर्यंत पोहोचला. 'ध्वनी' आणि 'व्यंग्यार्थ' हे शब्द आपण उचलले. तिसऱ्या प्रतिपक्षाला दिलेले उत्तर मात्र बाजूला राहिले असे वाटते.

ते उत्तर आपल्या भाषेवर लावून पाहावे. हुरहूर, रुखरुख, चुटपुट ही तिन्ही अस्वस्थतेचीच नावे आहेत, आणि त्यांतला फरक विचारला तर आपणही दंडीसारखे हात टेकतो. पण वर्गात तो समजावून द्यायचाच झाला तर काय करतो? दिवेलागणीला, कारण नसताना, कोणी दूरचे आठवते आणि मन थाऱ्यावर राहत नाही, ती हुरहूर. आजारी माणसाला भेटायला जायचे राहून गेले आणि तो गेला, तर उरते ती रुखरुख. बोलण्याच्या ओघात योग्य उत्तर सुचले नाही आणि जिना उतरताना सुचले, ती चुटपुट. व्याख्या न देता आपण प्रसंग देतो. म्हणजे आनंदवर्धनाच्या भाषेत विभाव देतो. फरक सांगता येतो. फक्त सांगण्याचा मार्ग निराळा असतो.

संतांच्या किंवा वेदांत्यांच्या अनिर्वाच्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. तो प्रांत वेगळा. काव्याच्या समीक्षेत मात्र 'शब्दातीत' हा शब्द वाचनाच्या शेवटी येतो तेव्हा पुष्कळदा वाचन अर्धेच झालेले असते. कवीने तो अनुभव शब्दांनीच आपल्यापर्यंत आणला होता. कोणत्या शब्दांनी, कोणत्या पाकळ्या मोजून, हे सांगणे समीक्षकाचे काम आहे, आणि ते करण्यापूर्वी हे विशेषण वापरण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.