गोंदिया जिल्ह्यातील पर्यटन

गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकास असून त्याच्या सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांना भिडतात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. नवेगावबांधचा तलाव, नागझिऱ्याचे अरण्य, सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा व हाजरा फॉल आणि धानशेतीत वावरणारे सारस पक्षी ही येथील मुख्य आकर्षणे आहेत. जिल्ह्यातील अनेक प्रेक्षणीय स्थळे मुळात पर्यटनासाठी निर्माण झालेली नाहीत. तलाव भाताच्या सिंचनासाठी बांधले गेले, गुहा हे श्रद्धास्थान आहे आणि सारसाचे घरटे बहुधा कोणा शेतकऱ्याच्या बांधीत किंवा गावतलावाच्या काठी असते.

गोंदिया शहर

गोंदिया हे रेल्वेने घडवलेले शहर आहे. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला आणि पुढे जबलपूरकडे जाणारा नॅरोगेज मार्ग येथून निघाला. त्यामुळे लहानशा गावाचे रूपांतर भात, तेंदूपत्ता, विडी व लाख यांच्या व्यापारपेठेत झाले. गोंद, म्हणजे डिंक, गोळा करून विकणाऱ्या गोंड लोकांवरून गावाचे नाव पडले, असे सांगितले जाते. भाताच्या गिरण्यांमुळे शहरास ‘तांदळाचे शहर’ म्हणतात. प्राचीन वास्तूंच्या दृष्टीने शहरात पाहण्यासारखे फारसे नाही. प्रवासी त्याचा उपयोग प्रामुख्याने मुक्कामासाठी करतात आणि तेच सोयीचे आहे. शहरालगतच्या नागरा या गावी हेमाडपंती शैलीचे शिवमंदिर असून महाशिवरात्रीस तेथे मोठी गर्दी होते.

नवेगावबांध

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथील तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. कोहळी हा पूर्व विदर्भातील तलाव बांधणारा व ऊस आणि भात पिकवणारा शेतकरी समाज होय. डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळींनी अडवून येथे सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण करण्यात आला. त्यासाठी लागलेले भूरचनेचे ज्ञान आजही अभ्यासकांना थक्क करते. सभोवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांच्या साहाय्याने बांध उभा राहिला, अशी लोककथा आहे. कोलू पाटलांना मृत्यूनंतर देवत्व प्राप्त झाले आणि ‘कोलासूर’ या नावाने त्यांचे ठाणे तेथील टेकडीवर आहे. जलव्यवस्थापकाचा देव झाल्याचे हे उदाहरण दुर्मीळ म्हणावे लागेल.

या परिसराचा समावेश असलेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली घोषित झाले. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी येथे दीर्घकाळ सेवा केली. ‘नवेगावबांधचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांस या तलावाची ओळख झाली. पक्षी, मासे व वनस्पती यांची स्थानिक नावे त्यांनी ढिवर, गोंड व इतर रहिवाशांकडून टिपून घेतली. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके उतरतात. पहाटे पाळीवरून चालत गेल्यास ती नीट पाहता येतात.

भंडारा व गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत असे लहानमोठे तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. लहान तलावास बोडी म्हणतात आणि पाणी सोडण्याच्या दारास तुडूम. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाल्यावर मोठे तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, संक्षेपाने ‘मामा तलाव’, असे नाव पडले. मालकी बदलली, पण गाळ काढण्याची व पाळ राखण्याची जुनी गावव्यवस्था मागे पडली. अनेक तलाव उथळ झाले आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. माशांना व पक्ष्यांना आधार देणाऱ्या देशी पाणवनस्पती त्यामुळे घटल्या. अर्जुनी मोरगाव परिसरातील काही गावांत ढिवर समाजाच्या मासेमारांनी व महिलांनी बेशरम उपटून या वनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे. तलाव पाहण्यास येणाऱ्याने ही कामेही अवश्य पाहावीत.

याच तालुक्यात गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, प्रतापगड हा किल्ला व गोठणगावजवळची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७० च्या दशकात वसलेल्या या वसाहतीतील बौद्ध मठ पाहता येतो. प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि तेथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गाही असल्याने दोन्ही धर्मांचे भाविक गडावर येतात.

नागझिरा

नागझिरा अभयारण्याची घोषणा १९७० साली झाली. हे अरण्य गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर पसरले आहे. नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका या संरक्षित क्षेत्रांचा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. व्यंकटेश माडगूळकर यांनी येथील मुक्कामावर ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले आहे.

वाघ दिसेलच या अपेक्षेने येणाऱ्यांची येथे अनेकदा निराशा होते. ताडोब्याच्या तुलनेत येथे वाघ विरळ आहेत. प्रसिद्ध ‘जय’ हा वाघ नागझिऱ्यातून उमरेड–कऱ्हांडला अभयारण्यात गेला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला. संख्या वाढावी म्हणून २०२३ पासून चंद्रपूर जिल्ह्यातील वाघिणी येथे आणून सोडण्यात आल्या. तथापि बिबट, रानगवा, अस्वल, रानकुत्रे आणि विपुल पक्षी व फुलपाखरे यांमुळे अरण्य समृद्ध आहे. पिटेझरी, चोरखमारा व मंगेझरी ही प्रवेशद्वारे परिचित आहेत. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. अरण्याच्या जवळ बोदलकसा येथे तलावाकाठी राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे.

सारस

सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत उंच पक्षी होय. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ केवळ गोंदिया व लगतच्या भंडारा जिल्ह्यात आढळतो. वैनगंगेपलीकडील बालाघाट जिल्ह्यातही त्याचा वावर आहे. दरवर्षीच्या गणनेत आढळणाऱ्या पक्ष्यांची संख्या अत्यल्प असते. गोंदिया तालुक्यातील परसवाडा व झिलमिली येथील तलाव आणि वैनगंगा व बाघ नद्यांलगतची शेते ही त्याची परिचित ठिकाणे आहेत.

सारस पावसाळ्यात भाताच्या बांधीत अथवा तलावाच्या दलदलीत घरटे करतो व बहुधा दोन अंडी घालतो. घरट्यासाठी थोडे पीक मोडते. शेतकऱ्याने ते सहन केले तरच पिल्ले मोठी होतात. स्वयंसेवी संस्था व वनविभाग यांनी शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन घरट्यांची राखण सुरू केल्याने अंडी नष्ट होण्याचे प्रकार कमी झाले, परंतु विजेच्या तारांचा धक्का, कीटकनाशके व आटणारी पाणथळे हे धोके कायम आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. छायाचित्रासाठी बांधीत उतरणे किंवा घरट्याजवळ जाणे टाळावे. जोडी बिथरल्यास अंडी उघडी पडतात. रस्त्यावरून दुर्बिणीने पाहणे पुरेसे आहे.

सालेकसा परिसर

मुंबई–हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकानजीक हाजरा फॉल हा धबधबा आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात तो भरून वाहतो आणि उन्हाळ्यात जवळजवळ आटतो. हा डोंगराळ भाग दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला. त्यामुळे बाहेरचे प्रवासी येथे उशिराच येऊ लागले.

धनेगावजवळील कचारगडच्या विस्तीर्ण नैसर्गिक गुहा हे गोंड समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. गोंडी कथेनुसार काली कंकालीची मुले येथे कोंडली गेली होती. पहांदी पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली आणि त्यांतून कोया पुनेम या धर्मपरंपरेची घडी बसली. माघ पौर्णिमेच्या यात्रेस मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण व इतर राज्यांतूनही भाविक येतात. यात्रेच्या दिवसांत येणाऱ्याने गुहेचे दर्शन केवळ साहसी सहल म्हणून घेऊ नये. चढण खडकाळ आहे. वर्षाच्या इतर दिवसांत स्थानिक वाटाड्या सोबत असणे इष्ट.

आमगावजवळच्या पद्मपूर येथे जुन्या मूर्ती व वास्तूंचे अवशेष आहेत. संस्कृत नाटककार भवभूती याने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून विदर्भातील पद्मपुराचा उल्लेख केला आहे. ते हेच, असे मत प्राच्यविद्या संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. वाकाटकांच्या एका ताम्रपटातही पद्मपूर हे नाव येते. ‘उत्तररामचरिता’च्या अभ्यासकाला हे स्थळ अधिक काही सांगेल; इतरांसाठी अर्धा तास पुरे.

लोकजीवन व प्रवासाचा काळ

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार व दंडार आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक, असा तिचा क्रम असतो. हा नाट्यहंगाम होळीपर्यंत चालतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतात. अर्जुनी मोरगाव परिसरात असा प्रयोग पाहण्याची संधी सहज मिळते. जेवणात भात, तलावातील मासे व लाखोळीची डाळ असते.

एकाच फेरीत सर्व स्थळे पाहता येत नाहीत, कारण धबधब्याचा काळ व सफारीचा काळ सहसा जुळत नाहीत. दोन-तीन दिवस हाती असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्या वेळी तलावांवर पक्षी, अरण्यात सफारी व गावांत नाटके असतात. गोंदिया रेल्वेने नागपूरहून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर आहे. चांदा फोर्टकडे जाणाऱ्या मार्गावरील सौंदड व अर्जुनी ही स्थानके नवेगावसाठी उपयुक्त असली, तरी पुढे वाहनाची सोय आधीच करावी लागते. शहरालगत बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर विकसित झालेला विमानतळ आहे.