लॉग इनचं लाकूड

बँकेचं ॲप असो की रेल्वेचं आरक्षण, लॉग इन म्हणजे आत शिरणं असं आपण धरून चालतो. पण या शब्दाच्या कुळात दार कुठंच नाही. आहे ते लाकूड, तेही समुद्रात फेकलेलं.

इंग्रजीत लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी मागच्या बाजूनं लाकूड पाण्यात सोडत. विल्यम बोर्न यांच्या 1574 च्या पुस्तकात या रीतीचं वर्णन आहे. पुढे ओंडक्याची पाव वर्तुळाच्या आकाराची फळी झाली. गोल कडेला शिसं ठोकलेलं, त्यामुळे ती पाण्यात उभी राही आणि आहे तिथंच ठाण मांडे. जहाज पुढे सरके तसा रिळावरचा दोर सुटत जाई. एक जण रीळ उंच धरून उभा, दुसऱ्याच्या हाती 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ, तिसऱ्याच्या बोटांतून दोराच्या गाठी सरकताहेत. दोन गाठींत 47 फूट 3 इंच अंतर ठेवलं की जितक्या गाठी गेल्या तितके सागरी मैल ताशी. जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. वाळू संपली की दोराला हिसका द्यायचा; फळीची खुंटी निसटे, फळी आडवी पडे आणि ओढून घ्यायला सोपी जाई.

आकडा आधी खडूनं काळ्या फळ्यावर, मग वहीत. ती वही म्हणजे लॉगबुक. वारा, वादळ, आजारपण, शिक्षा, सगळं तिच्यात चढू लागलं आणि लॉग करणं म्हणजे नोंदवणं झालं.

संगणकाला हे नोंदवणंच हवं होतं. एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूनं 1961 मध्ये चालवून दाखवली. लॉगिन ही तिच्यातली आज्ञा. यंत्राचा वेळ महाग, तो वाटून दिलेला. तेव्हा कोण किती वापरतो याचा हिशेब आलाच. आठवड्याचे 4 तास पुरेनात म्हणून ॲलन शेर या विद्यार्थ्यानं 1962 मध्ये सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. हिशेब आला की पळवाट आलीच!

29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी, इंटरनेटचं पूर्वज असलेल्या जाळ्यावरून, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकावर लॉगिन करू लागला. एल गेला, ओ गेला आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभरानं पुन्हा प्रयत्न केला, तो जमला. त्या जाळ्यावरचं ते पहिलं बोलणं साडेदहाला झालं, हे कळतं हातानं लिहिलेल्या लॉगबुकातून.