कंसातले नाव: सातबारा आणि माहितीसाठ्यातील खोडणे

ढाणकी गावाचा परिसर १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होईपर्यंत वाशीम जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात मोडत असे आणि त्यानंतर तो यवतमाळ जिल्ह्याकडे आला. पण सातबारा, म्हणजे हक्क सांगणारा गाव नमुना सात आणि पिकांची नोंद ठेवणारा नमुना बारा, येथे रूढ झाला तो १५ ऑगस्ट १९६७ रोजी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अमलात आल्यानंतर.

या उताऱ्यावरून नाव कमी होते म्हणजे ते पुसले जाते असे नाही. जमीन विकली किंवा वारस लागले की तलाठी जुन्या नावाला कंस करी आणि ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या क्रमांकित नोंदीने, बदल झाला त्याचा क्रमांक उताऱ्यावर राही; अलीकडच्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेष येते, एवढाच फरक. कंसांची गर्दी झाली की पुनर्लेखन होई, चालू नावे तेवढी नव्या पानावर उतरत आणि जुने पान अभिलेख कक्षात जाई.

१९८६ च्या सुमारास बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी उभारलेल्या पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीत हीच रीत स्वतंत्रपणे अवतरली: काढलेल्या ओळीवर काढणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक पडे आणि ‘व्हॅक्यूम’ नावाची सफाई जुन्या ओळी संग्रहात हलवी. तिच्या आजच्या वारसदारात, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये, संग्रह गेला, क्रमांक राहिला. म्हणजे ओळ काढताना तिच्यावर क्रमांक तेवढा पडतो. तेव्हा लाखो ओळी एका आज्ञेत काढताना मेमरी संपलीच, तर ती पुष्कळदा ओळींमुळे नव्हे, तर त्यांच्यामागच्या हिशेबामुळे: ज्या तक्त्यावर दुसरे तक्ते अवलंबून असतात, त्यातील प्रत्येक काढलेल्या ओळीमागे एक तपासणी रांगेत लागते आणि आज्ञेचे काम आटोपेपर्यंत ही रांग वाढतच जाते. मेमरी वाढवणे हा यावरचा तात्पुरता इलाज होय. काही हजार ओळींचे टप्पे करून प्रत्येक टप्पा कायम करत जाणे अधिक भरवशाचे.

त्याहून शहाणपणाची तजवीज सरकारी कचेऱ्यांत फार पूर्वीपासून आहे. तेथे कागदाचा वर्ग आधीच ठरतो, ‘अ’ कायम ठेवायचा आणि ‘ड’ वर्षभराने नष्ट करायचा, त्यामुळे नष्ट करण्याच्या वेळी नस्ती चाळत बसावे लागत नाही, गठ्ठाच उचलला जातो. कालावधीनुसार तक्त्याचे विभाग पाडून जुना विभाग अखंड काढून टाकण्याची सोय माहितीसाठ्यातही आहे, मात्र ती तक्ता आखतानाच करावी लागते, आणि नेमके तेव्हाच तिचा विचार क्वचित होतो.