नावाविना आलेल्या कुंडीची ओळख

नर्सरीतून फुलांनी लगडलेली कुंडी घरी येते. तिच्याबरोबर नाव येतेच असे नाही. विक्रेता फार तर ‘इनडोअर आहे, सावलीत ठेवा’ एवढे सांगतो. फुलांचा पहिला बहर ओसरला की पाणी किती, ऊन किती, छाटणी कधी, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे झाडाच्या कुलात आणि प्रजातीत (जीनस) असतात. घरात वाढवल्या जाणाऱ्या उष्णकटिबंधीय फुलझाडांची ओळख पुराव्याने पटवता येते. त्यासाठी कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे, हे आधी ठरवले पाहिजे.

१. फसवी लक्षणे आणि टिकाऊ लक्षणे

खरेदीच्या दिवशीचे रूप बहुधा घडवलेले असते. कुंडीतली झाडे बुटकी राहावीत म्हणून उत्पादक पॅक्लोब्युट्राझोलसारखी वाढरोधके वापरतात. त्यांचा प्रभाव संपला की तेच गुटगुटीत झुडूप लांब पेरे टाकू लागते. स्पॅथिफायलम जिबरेलिक आम्ल फवारून अवेळी फुलवता येते, तर कलांचो आणि पॉइन्सेटिया रात्रीचा अंधार लांबवून. त्यामुळे उंची, ठेवण आणि बहराचा हंगाम यांवर पहिल्या वर्षी विसंबू नये. रंगावर तर कधीच नाही; अँथुरियमचे लाल, गुलाबी, पांढरे आणि हिरवे असे सगळे वाण बाजारात आहेत.

याउलट पानांची मांडणी, देठांजवळची उपपर्णे, चीक, फुलाच्या भागांची संख्या आणि त्यांची जुळणी ही लक्षणे नव्या वाणांतही सहसा टिकून राहतात. ओळखीचा आधार तिथे शोधावा.

२. फुलाआधी पान आणि खोड

पाने समोरासमोर असतील आणि दोन देठांच्या मध्ये खोडावर लहानसे उपपर्ण दिसत असेल, तर झाड बहुधा कदंब कुलातले असते. एक्झोरा आणि पेंटास दोन्ही याच कुलातले. एक्झोराची पाने चिवट व गुळगुळीत आणि पाकळ्या चार. पेंटासची पाने मऊ व लवदार आणि पाकळ्या पाच.

पान तोडल्यावर चीक आला तर करवीर आणि एरंड या दोन कुलांचा विचार प्रथम करावा. पाच पाकळ्या खाली जुळून कर्णा झाला असेल तर करवीर कुल, म्हणजे मँडेविला, ॲलमंडा किंवा अडेनियम. ही तपासणी हातमोजे घालून करावी. चीक डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि कोणताही भाग चाखून पाहू नये. अडेनियमच्या रसात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात.

पान खरोखर पान आहे का, हेही तपासावे. महाराष्ट्रात घरोघरी रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ हे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम नावाचे मध्य अमेरिकेतील निवडुंग आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातले. आपल्या कुंडीत पानासारखा दिसणारा हिरवा पट्टा म्हणजे चपटे खोड. त्याच्या कडेच्या खाचेतून कळी निघते, आणि कळी खोडावरच येत असल्याने तो पट्टा खोड असल्याचा पुरावा तिथेच मिळतो.

३. रंगीत भाग पाकळीच असतो असे नाही

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. अँथुरियमचा चकचकीत लाल भाग हा महाछद, म्हणजे फुलोऱ्याला आधार देणारे पान. खरी फुले मधल्या दांड्यावर दाटीने बसलेली असतात. पांढरे अँथुरियम आणि पीस लिली, म्हणजे स्पॅथिफायलम, दोन्ही सुरण कुलातली असल्याने एकमेकांच्या नावाने खपतात. त्यांचा निवाडा पानावर होतो. अँथुरियमच्या पानात शिरांचे जाळे दिसते आणि देठाचे आवरण अगदी आखूड असते. स्पॅथिफायलमच्या पानात मुख्य शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा समांतर धावतात आणि देठाचे आवरण लांबवर चढते.

वासक कुलात हीच भूमिका छदांकडे, म्हणजे फुलाखालच्या पानांकडे, असते. पॅकिस्टॅकिस ल्युटियाचे पिवळे छद ताठ उभ्या कणसात चार ओळींनी रचलेले असतात आणि त्यांतून पांढरी फुले डोकावतात. श्रिम्प प्लँटच्या पिवळ्या वाणाचे कणीस मात्र झुकलेले असते. पॉइन्सेटियाची लाल ‘फुले’ही छदच, खरी फुले मधल्या हिरवट-पिवळ्या लहान पेल्यांत असतात. हेच पेले काटेरी युफोर्बियातही सापडतात आणि दोघांना एरंड कुलात आणून बसवतात.

४. मोजणी

पाकळ्या मोजण्यापूर्वी फूल एकेरी आहे ना, हे पाहावे. दुहेरी वाणांत जास्तीच्या पाकळ्या बहुधा पुंकेसरांचे रूपांतर होऊन येतात, म्हणून तिथे निदले, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दले, मोजावीत. दुहेरी कलांचोत पाकळ्यांचा गुच्छ दिसला तरी निदले चारच असतात.

बिगोनियात नर आणि मादी फुले एकाच झाडावर वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बहुधा तीन पंखांचा किंजपुट (बीजकोश) असतो आणि पानाच्या तळाच्या दोन बाजू असमान असतात. ही दोन्ही लक्षणे मिळाली की प्रजातीबद्दल शंका उरत नाही.

५. ओळख कुठे थांबवावी

मोबाइलवरील ॲप चित्राशी चित्र जुळवते. ते चीक, उपपर्ण किंवा किंजपुट तपासत नाही, म्हणून त्याचे उत्तर ही तपासण्याची सूचना समजावी. बाजारातली अनेक फुलझाडे संकरित असतात. त्यांच्या अचूक वाणाचे नाव उत्पादकाच्या नोंदीवाचून खात्रीने सांगणे बहुतेक वेळा अशक्य असते. तिथे आकर्षक नाव चिकटवण्यापेक्षा ‘अँथुरियम, संकर, वाण अज्ञात’ असे लिहिणे अधिक शास्त्रीय ठरते. कुंडीला लावलेल्या नावाच्या पट्टीवर खरेदीची तारीखही असावी, आणि फुलाचे व पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र जपून ठेवावे.

काळजी घेण्यासाठी प्रजातीपर्यंतची ओळख पुष्कळदा पुरते. गुलाबी छदांचे सियाम ट्यूलिप हळदीच्याच कुर्कुमा प्रजातीतले आहे, एवढे कळले तरी थंडीत त्याची पाने वाळल्यावर कुंडी फेकली जात नाही. पाणी थांबवून कंद कोरडा ठेवला जातो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा पाणी दिले की नवा कोंब येतो. वाणाचे नाव कळले नाही म्हणून झाडाचे काही बिघडत नाही; चुकीचे नाव खरे मानले तर मात्र त्याची निगा चुकते.