इंग्रजीतून पाहिलेली इटली

मराठी विचारविश्वाला इटलीचा परिचय झाला तो मुख्यतः इंग्रजीमार्फत. सावरकरांचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले मॅझिनीविषयक पुस्तकही इंग्रजी अनुवादावरूनच सिद्ध झाले होते.

नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे पहिल्या गोलमेज परिषदेनंतर इटलीस गेले. १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली, तेथील युवकसंघटना व लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या आणि आपली निरीक्षणे इंग्रजी रोजनिशीत नोंदवली. १९३७ साली नाशिकला सुरू झालेल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या प्रेरणा तपासताना या नोंदी टाळता येत नाहीत. परंतु ही पाहुण्याला दाखवलेली इटली होय. त्याच सुमारास ग्राम्शी तुरुंगात आपल्या टिपणवह्या लिहीत होता. त्याच्या 'धुरीणत्वा'ची चर्चा आपल्याकडे झाली तीही बहुतांशी १९७१च्या इंग्रजी संकलनाच्या आधारे.

मुंजे यांच्या भेटीकडे यजमान शासन कोणत्या दृष्टीने पाहत होते, याचा शोध इटालियन कागदपत्रांतच घ्यावा लागतो. हे काम मार्झिया कासोलारी या इटालियन संशोधिकेने केले. त्यांचा लेख २००० साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. आपल्याच शहराच्या इतिहासाचे एक साधन वाचण्यासाठी आपण दुसऱ्यांवर विसंबलो, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

दिल्ली विद्यापीठात इटालियनचा पदवी अभ्यासक्रम आहे. अशा शिक्षणाचे मोल नोकरी वा पर्यटन यांपुरते मोजणे अपुरे ठरेल. भाषा, साहित्य आणि इतिहास एकत्र अभ्यासलेला मराठी विद्यार्थीच या दोन्ही इटली मुळातून वाचू शकेल आणि आपल्या पूर्वसूरींनी काय पाहिले, काय पाहिले नाही, हे साधार सांगू शकेल.