मुंबई ते सिंधुदुर्ग: विमानाने नक्की किती वेळ लागतो?

गणपतीला गावी जायचं असो किंवा गावाहून अचानक वाईट बातमी आलेली असो, घोडपदेव, लालबाग, परळमधल्या कोकणी घरांत आता एक प्रश्न हमखास निघतो: विमानाने लवकर पोहोचू का?

अंतर किती?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र मुंबई ते सावंतवाडी सुमारे ५०० किलोमीटर भरतं. रस्ता घाट, नद्या, गावं यांच्या कलाने वळतो. विमानाचा मार्ग बराचसा सरळ असतो.

मग सव्वा-दीड तास कशाला?

चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. तेव्हा मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान सुरू झालं. ते ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडतं. या हिशोबाने पाऊण तास पुरायला हवा, पण वेळापत्रकात जवळपास दीड तास दिसायचा.

कारण तिकिटावरची वेळ फक्त उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरण्याआधी वेग कमी करणं हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरली जाते आणि रांग वाढते.

घरापासून घरापर्यंत

घोडपदेवहून विमानतळापर्यंत एक तास धरा. देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आधी पोहोचायला सांगतात. पुढे विमानाचा दीड तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि चिपीहून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुडाळला जायला पाऊण तास. एकूण पावणेसहा तास.

आता रेल्वे बघा. २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत बिगरपावसाळी वेळापत्रकात सीएसएमटीहून मडगावला सुमारे पावणेआठ तासांत पोहोचते. कणकवली त्याआधीच येतं. म्हणजे विमानाने वाचणारा वेळ वाटतो तितका मोठा नाही. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवतात, आणि गणपती बहुतेक त्याच काळात येतात. तेव्हा विमानाचा फायदा वाढतो.

बुकिंगआधी काय तपासाल?

चिपीची मुंबई सेवा मध्येच बंदही राहिली आहे, म्हणून त्या दिवशी विमान आहे का ते आधी बघा. नसेल तर गोव्यातल्या मोपाचा पर्याय आहे. जानेवारी २०२३ पासून सुरू असलेला हा विमानतळ सिंधुदुर्गच्या सीमेजवळ आहे. बांदा, सावंतवाडीकडच्या लोकांना तो सोयीचा पडतो.

तिकीट मुंबईच्या कोणत्या विमानतळाचं आहे, हेही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतूनही विमानं सुटतात. अंत्यदर्शनासाठी निघालेल्या माणसाला चुकीच्या विमानतळावर पोहोचणं परवडत नाही.