चेल्सीतली हक्काची खोली

लांबी सहा फूट, रुंदी सहा फूट. १६९२ साली लंडनच्या चेल्सी भागात रॉयल हॉस्पिटल सुरू झाले तेव्हा तिथे आलेल्या ४७६ म्हाताऱ्या शिपायांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला एवढीच जागा आली. ओकच्या फळ्यांनी आडोसा केलेला एक कप्पा आणि त्यात एक बिछाना. आज ही जागा कोंदट वाटेल. पण त्या शिपायांचे सारे आयुष्य तंबूत गेलेले, नाहीतर कोणाच्या तरी खानावळीत, दारूच्या गुत्त्यात गेलेले. इंग्लंडच्या फौजेला तेव्हा धड बराकीही नव्हत्या. शिपाई मिळेल तिथे उतरवले जात. ज्याच्या आत दुसऱ्या कोणाचा पाय पडणार नाही असा कोपरा अनेकांना पहिल्यांदाच मिळत होता.

थेम्सच्या काठावरची ही लाल विटांची वास्तू म्हणजे रुग्णालय नव्हे, तर सेवेत झिजलेल्या, जखमी झालेल्या शिपायांचे घर. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसला असे घर उभारायला घेतले आणि त्याच्या पाठोपाठ इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यालाही ते सुचले. आराखडा सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनचा, पायाभरणी १६८२ ची. राजाची प्रेयसी नेल ग्विन हिने भीक मागणारा जखमी शिपाई पाहून राजाचे मन वळवले, ही दंतकथा लंडनकरांची लाडकी आहे, पण तिला पुरावा नाही. पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या स्टीफन फॉक्सबरोबर रोजनिशीकार जॉन एव्हलिन आखणीला बसला होता, ही गोष्ट मात्र खरी. इथे ग्रंथालय हवेच, कारण एखाद्या शिपायाला वाचनाची आवड असू शकते, असा आग्रह या एव्हलिनने धरला आणि तसे आपल्या रोजनिशीत लिहूनही ठेवले. जेवण, कपडे, देवळातली प्रार्थना यांचा विचार कोणीही केला असता. म्हाताऱ्या शिपायाला स्वतःचे डोके आहे, ते त्याला चालवायचे असेल, हे १६८२ साली सुचणे मोठ्या मनाचे लक्षण.

या घराचा खर्च मुख्यतः फौजेच्या पगारातून होणाऱ्या कपातीतून चालला. आज बंदूक खांद्यावर असलेला शिपाई उद्याच्या आपल्या म्हातारपणासाठी पैसे भरत होता. चेल्सीचा पेन्शनर, म्हणजे इथे राहणारा शिपाई, कोणाच्या दयेवर जगत नव्हता, हे त्याचा इतिहास वाचताना कधी विसरू नये.

जागा मात्र पहिल्या दिवसापासून अपुरी पडली. मग घरीच राहून चेल्सीकडून पेन्शन घेणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला आणि आत राहणाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. हॅना स्नेल ही त्यांच्यातलीच. पुरुषवेषात, जेम्स ग्रे या नावाने तिने नौदळाच्या शिपायांत नोकरी केली आणि १७४८ साली पाँडिचेरीच्या वेढ्यात जखमा झेलल्या. ओळख उघड झाल्यावर १७५० मध्ये तिला चेल्सीची पेन्शन मंजूर झाली. १७९२ साली ती वारली आणि चेल्सीच्याच भूमीत पुरली गेली. राहायची खोली मात्र कोणत्याही बाईला २००९ पर्यंत मिळाली नाही. त्या वर्षी विनिफ्रेड फिलिप्स आणि डोरोथी ह्यूज या दोघी आत आल्या.

पेन्शन हा हक्क होता, पण सरकारने तो कधी कधी दोरीसारखा वापरला. १७४० साली कमोडोर जॉर्ज ॲन्सन स्पेनविरुद्धच्या मोहिमेवर जगाला वळसा घालायला निघाला. त्याला जमिनीवर लढणारे शिपाई हवे होते. सरकारने तरणी पलटण द्यायची सोडून चेल्सीची पेन्शन खाणारे ५०० म्हातारे पोर्ट्समथ बंदरावर जमा करायला सांगितले. ॲन्सनने विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. मग त्या म्हाताऱ्यांनी आपला निर्णय आपणच घेतला. ज्यांच्या पायांत गाव सोडण्याइतके बळ होते ते सगळे पसार झाले. जहाजावर चढले फक्त २५९. त्यांतले बहुतेक साठीचे, काही सत्तरीच्याही पुढचे. कित्येकांना उचलून चढवावे लागले. केप हॉर्नची वादळे आणि स्कर्व्ही यांनी त्यांचे काय केले असेल ते सांगायला नको. ताफ्यातल्या ‘ग्लॉस्टर’ जहाजावरचा तर एकही वाचला नाही. पळालेल्यांना त्या काळच्या कायद्याने फरारी म्हटले असेल, पण त्या गर्दीत धड विचार करणारे तेवढेच होते.

एकोणिसाव्या शतकात या पेन्शनरांचे कौतुक वाढले. ह्यूबर्ट फॉन हेर्कोमरने १८७५ मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलेले ‘द लास्ट मस्टर’ हे चित्र फार गाजले. देवळात ओळीने बसलेले लाल डगल्यातले म्हातारे, त्यांतला एक बसल्या जागी गेलेला आणि शेजारचा त्याची नाडी चाचपतो आहे. चित्र सुंदर आहे. पण समाजाला म्हातारा शिपाई कसा आवडतो तेही त्यात दिसते: शांत, मान खाली घातलेला, काही न मागणारा. चेल्सीच्या आवारात तेव्हा चिलियनवालाच्या लढाईचा स्मारकस्तंभ उभा होता. १८४९ च्या जानेवारीत पंजाबात शिखांशी लढताना २४ व्या रेजिमेंटचे जे गोरे सैनिक पडले त्यांचा तो. त्याच लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या हिंदी शिपायाला हे दार उघडे नव्हते. त्याची पेन्शन, मिळाली तर, गावी. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून हजारो हिंदी सैनिक परतले तेव्हा १९१७ मध्ये गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल संस्था निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. तिथे कायमचे राहायचे नव्हते. पोटापुरता धंदा शिकायचा आणि घरी जायचे. खडकीतच १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे आणि तिथले जवान चाकाच्या खुर्चीवरून खेळांच्या मैदानात उतरतात.

चेल्सीच्या त्या कप्प्याकडे पुन्हा पाहू. पार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो सहा फुटांचाच राहिला. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्बने तिथला रुग्णविभाग उद्ध्वस्त केला आणि १३ माणसे मारली, तरी बाकीचे पेन्शनर त्याच फळ्यांच्या आड झोपत राहिले. १९५० च्या दशकात कप्पा नऊ फुटांचा झाला. स्वतःचे न्हाणीघर, बसायला, लिहायला जागा आणि झोपायची वेगळी खोली यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ते काम २०१५ च्या सुमारास पुरे झाले. एका म्हाताऱ्या माणसाला रात्री उठून सार्वजनिक मोरीकडे जावे लागू नये, एवढ्या साध्या गोष्टीला तीनशे वर्षे लागली.

आज तिथे सुमारे ३०० जण राहतात. रोजचा पोशाख गडद निळा, समारंभाला लाल डगला आणि तिकोनी टोपी. वास्तू पाहायला आलेल्यांना माहिती हेच पेन्शनर देतात. कोरियात लढलेले कॉलिन थॅकरी पत्नीच्या निधनानंतर इथे राहायला आले आणि २०१९ मध्ये, ८९ व्या वर्षी, ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा गाऊन जिंकले.

चेल्सी ही भूदलाची जागा. इतर दलांतले अनेक म्हातारे सैनिक साध्या वृद्धाश्रमांत राहतात, आणि तिथे स्वातंत्र्याचा प्रश्न अधिक टोकदार होतो. ५ जून २०१४ रोजी होव्ह गावच्या वृद्धाश्रमातून ८९ वर्षांचे बर्नार्ड जॉर्डन बाहेर पडले. ते नौदलातले माजी अधिकारी आणि त्या गावचे माजी महापौर. छातीवरची पदके पावसाळी कोटाखाली झाकलेली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याला ७० वर्षे होत होती आणि अधिकृत सहलीत त्यांना जागा मिळाली नव्हती. पोर्ट्समथहून बोट पकडून ते फ्रान्सला पोचले. इकडे ते हरवल्याची तक्रार पोलिसांत गेली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘महान पलायन’ ठरवले आणि २०२३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. जॉर्डन यांच्या भूमिकेत मायकेल केन. वृद्धाश्रमाने मात्र खुलासा केला की त्यांना कोणी अडवले नव्हते. ते हवे तेव्हा येऊ-जाऊ शकत होते. हा खुलासा मथळ्यांइतका गाजला नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय घ्यायला समर्थ आहे असेच गृहीत धरले जाते, आणि निर्णय दुसऱ्यांना शहाणपणाचा वाटला नाही म्हणून ते सामर्थ्य नाकारता येत नाही. ८९ व्या वर्षी एकट्याने समुद्र ओलांडणे यात बसते.

चेल्सीतही दार दोन्ही बाजूंनी उघडते. आत येणारा आपली लष्करी पेन्शन संस्थेला देतो आणि त्या बदल्यात राहणे, जेवण, कपडे, औषधपाणी घेतो. आधी काही दिवस राहून बघायला त्याला बोलावतात. पुढे कधी मन बदलले आणि बाहेर राहावेसे वाटले, तर पेन्शन पुन्हा त्याच्या नावे सुरू होते.